येडा कुठल्या गावचा

जळगावला माझ्या ऑफिसात परवा जेवणाच्या सुट्टीत एकाने दुसऱ्याला “येडा झाला का रे?” म्हटलं. सगळे हसले, ज्याला म्हटलं तोही हसला. मी कोपऱ्यात डबा खात होते. माझ्या ओठांवर एक प्रश्न आला आणि मी तो भाकरीच्या घासाबरोबर गिळून टाकला. “कुठल्या गावचा?” असा तो प्रश्न होता. विचारला असता तर कोणाला कळला नसता, मग समजावून सांगावा लागला असता, आणि चार माणसांसमोर काही समजावून सांगणं मला अजून जमत नाही.

प्रश्न माझा नव्हेच. तो बैसाणे सरांचा.

धुळ्यात, देवपुरात, आमच्या घरासमोर सरांचं घर. मधे गल्ली, तीही अशी की रिक्षा आली तर उभ्या स्कूटरने अंग चोरावं. सर हिंदीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, मूळचे शिंदखेड्याकडचे. शिडशिडीत अंग, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनऐवजी छोटं भिंग. बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तसबिरीखाली पलंग आणि पलंगाखाली शब्दकोश. मराठी, हिंदी, गुजराती, फारसी, इंग्रजी, सगळे एकमेकांना टेकून बसलेले. अक्का, म्हणजे सरांच्या पत्नी, केर काढताना त्यांना झाडूनेच पुढे ढकलत. “सरका रे पंडितहो,” म्हणत.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी देतात, मग गाव विचारतात, मग मामाचं गाव. तेवढ्यात कुठून तरी नातं निघतंच. सर शिवीलाही असाच पाहुणा समजत. त्यांच्यासमोर कोणी कोणाला शिवी दिली तर ते रागवत नसत. शांतपणे विचारत, “कुठल्या गावचा?” देणारा गोंधळून जाई. मग सर त्या शब्दाचं गाव सांगत, तो कुठून कुठे फिरत आला ते सांगत, आणि शेवटी शिवी देणाऱ्याला चहा पाजत. दूधवाला, गॅसवाला, समोरचा इस्त्रीवाला, सगळ्यांना याची सवय झाली होती. काही जण चहासाठी मुद्दाम शिवी देतात, असा अक्कांना संशय होता.

त्यांची आणखी एक लकब होती. शब्दाबद्दल जे पक्कं माहीत असेल ते सांगताना ते खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक करत. जे ऐकीव असेल ते सांगताना उघडा पंजा हवेत हलवत, वजन न भरलेल्या तराजूसारखा. एवढा फरक ठेवला नाही तर माझ्यात आणि बस स्टँडवर नशिबाच्या अंगठ्या विकणाऱ्यात फरक काय, असं म्हणत.

माझी आणि सरांची गाठ पडली ती माझ्या मराठीमुळे. मी इंग्लिश मीडियमची. नववीत मराठीच्या पेपरात मला इतके कमी गुण पडले की आईने उत्तरपत्रिका आणि मला, दोघींना धरून समोरच्या घरी नेलं. सरांनी पेपर वाचला, भिंगातून पुन्हा वाचला. ते भिंग मला सोसेना. मी पुटपुटले, “सर, मराठीत मी इडियटच आहे.”

“कुठल्या गावचा?” सर म्हणाले.

मला वाटलं, ते आईशी बोलतायत. पण त्यांनी पलंगाखालून इंग्रजीचा जाडजूड कोश ओढला, माझ्या मांडीवर ठेवला आणि शोधायला लावला. शब्द ग्रीकांकडचा निघाला. तिथे गावाच्या कारभारात न पडता आपल्या घरात, आपल्यापुरतं राहणाऱ्या माणसाला तसं म्हणत. चावडीवर न येणारा. सरांनी खुर्चीवर टकटक केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तोवर मी आईच्या मागे जवळजवळ दिसेनाशी झाले होते.

“मग बरोबर आहे तुझं,” ते म्हणाले. “इडियटच आहेस तू. पण मराठीत नाही, ग्रीकमध्ये.”

आई हसली. मीही हसले असावे, कारण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जायला लागले आणि शाळा संपली तरी जातच राहिले.

मधुकाकांबद्दल आता सांगायला हवं, नाहीतर सर कळणार नाहीत. मधुकर हे सरांचे धाकटे भाऊ. लहानपणी मोठा ताप आला आणि उतरताना बरेच शब्द घेऊन गेला. उरले ते थोडे आणि रोजच्या कामाचे. मधुकाका पन्नाशीच्या पुढचे, सरांहून उंच, केस कायम ओले करून चापून बसवलेले. कोणी काही सांगितलं की “हा” म्हणत आणि ते काम करत. गल्लीत त्यांचं नाव मधू येडा. त्यात दुष्टावा नव्हता. इस्त्रीवाल्याला इस्त्रीवाला म्हणावं तसं लोक म्हणत. मला वाटतं, सरांना तेच जास्त लागत असावं. दुष्टाव्याने दिलेल्या शिवीला निदान चहा पाजता येतो.

सरांना शब्दांची गावं विचारायची खोड कशी लागली, ते मला अक्कांनी सांगितलं. मेथी निवडता निवडता सांगितलं, सर आत झोपलेले असताना. लहानपणी गावात मधूला कोणी येडा म्हटलं की सर मारामारी करत आणि शर्ट फाडून घरी येत. शर्ट शिवून शिवून त्यांची आई कंटाळली. एकदा सुई बाजूला ठेवून तिने पोराला समोर बसवलं आणि म्हणाली, “कितला लोकस्ले मारशी? मारशी तं शब्दले मार.” किती लोकांना मारणार तू, मारायचंच तर त्या शब्दाला मार. पोराने ते अक्षरशः मनावर घेतलं. आणि एखाद्याला मारायला जायचं तर त्याचं घर कुठे ते आधी माहीत हवं.

“पन्नास वरीस झालं, शोधी ऱ्हायना,” अक्का म्हणाल्या. “घरमा एक येडा शे, आनि दुसरा येडानी चौकशी करस.”

चौकशी खरोखरच लांबवर गेली होती. सर सांगायला लागले की आमची छोटी खोली मोठी होत जायची. आपला बावळा आणि हिंदीतला बावला हे सख्खे भाऊ, दोघांच्या आत वारा भरलेला. जुन्या संस्कृतातला वातूल तो. तिकडे इंग्रजांचा फूल, म्हणजे मूर्ख, आला रोमहून. तिथे तो होता लोहाराचा भाता. म्हणजे त्याच्याही आत वाराच. टकटक. अरबांचा मजनून, त्याच्या आत जिन शिरलेला. इराणातल्या दिवाण्याच्या आत दीव, म्हणजे राक्षस, आणि तो दीव आपल्या देवाचाच दूरचा चुलतभाऊ. टकटक. इंग्रजांच्या ल्युनॅटिकच्या, म्हणजे वेड्याच्या, डोक्यात चंद्र. आणि त्यांचा सिली, जो आज मूर्ख आहे, तो कोणे एके काळी देवाचा आशीर्वाद मिळालेला सुखी जीव होता. आपल्याकडेही तेच झालं. देवानांप्रिय, म्हणजे देवांचा लाडका, ही शिलालेखांतल्या एका सम्राटाची पदवी, आणि पुढे संस्कृत पंडितांनी ती मूर्खाला देऊन टाकली.

“बठ्ठ्यांनी, सगळ्यांनीच, आत काहीतरी घातलं,” सर म्हणाले होते. ते माझ्याशी प्रमाण मराठीत बोलत, पण मनातलं निघालं की अहिराणी मधेच डोकावायची. “वारा घातला, जिन घातला, चंद्र घातला. माणूस आतच होता, तो कोणाला दिसला नाही.”

आणि येडा? मी विचारलं होतं.

त्यांनी पंजा हवेत हलवला. बराच वेळ हलवत राहिले. येड्याचं गाव त्यांना सापडलं नव्हतं. वेडा आणि येडा एकाच घरातले हे उघड होतं, पण ते घर कुठलं यावर कोश एकमेकांशी बोलत नव्हते. त्यांच्या एका मित्राने, तेही शिक्षकच, वेढ्यात सापडला तो वेडा असं जुळवून दिलं होतं. सरांना ते आवडलं होतं, आणि आवडलं म्हणूनच त्यांनी ते सोडून दिलं. फार छान जुळतं ते बहुतेक घरी बनवलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

सर पहिल्या नोकरीला पहूरला होते. तिथली बोली वेगळी, तिथली पोरं सरांच्या अहिराणीला हसत. पण येडा हा शब्द तिथेही होता, तोच, तसाच. सर म्हणायचे, मी बदली होऊन पोचायच्या आधी तो हजर असायचा.

शिंदखेड्याच्या शाळेतली एक गोष्टही अक्कांनीच सांगितलेली. मधुकाका दुपारी सरांचा डबा घेऊन शाळेत जात. एकदा ते शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा एक शिक्षक मोठ्याने म्हणाले, “आओ, बुद्धू महाराज.” म्हणताना त्यांनी मधुकाकांकडे पाहिलं नाही, सरांकडे पाहिलं. सरांच्या घरी कोणाची तसबीर आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

सर म्हणाले, “याचं गाव विचारायला नको. हा आमच्याच घरचा दिसतोय.” मग त्यांनी नेहमीसारखं सांगितलं. कोणी म्हणतात, झाडाखाली डोळे मिटून बसलेला, शिवी दिली तरी न बोलणारा माणूस पाहून लोकांना तो मंद वाटला, तिथून हा शब्द आला. इथे पंजा हलला. पण त्याच्या मूर्ती पाहून इराणात प्रत्येक मूर्तीलाच बुत म्हणायला लागले, हे बऱ्यापैकी पक्कं. इथे बोट वाजलं. एकाच माणसाचं नाव, कुठे मूर्ती झालं, कुठे मूर्ख झालं. तो अजून डोळे मिटून बसलाय.

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, “मधू, सरांना भाकर दे.” मधुकाका “हा” म्हणाले आणि त्या शिक्षकांच्या हातात अर्धी भाकरी आणि वर वांग्याचं भरीत ठेवलं. ती खाण्याशिवाय त्यांना इलाज नव्हता. पुढे प्रत्येक हिवाळ्यात ते भरतासाठी घरी यायचे. अक्का म्हणाल्या, पहिल्या वर्षी मान खाली घालून खाल्लं, दुसऱ्या वर्षी तिखट कमी आहे म्हणाले.

आता गल्लीतली गोष्ट.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं आणि कधी येईल ते सांगता येत नाही. गल्लीच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण आहे, त्याखाली पाणी सोडायचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह. मधुकाका सकाळपासून त्या झाकणावर अनवाणी उभे राहत. पाइपात पाणी शिरलं की त्यांच्या तळपायांना कळे. आम्हाला अजून थेंब दिसलेला नसे, आणि ते पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत प्रत्येक गेटची कडी वाजवत निघत. “पाणी उनं! पाणी उनं!” पाणी आलं. मग गल्लीभर बादल्या, मोटारी, पाइप, आरडाओरडा. येडा म्हणणारी घरं त्यांनी कधी वगळली नाहीत. तेवढा एक तास मधुकाका गल्लीतले सर्वांत मोठे अधिकारी असत, चालही बदलायची त्यांची.

मग गल्लीचा मोबाइलवर ग्रुप झाला. वॉल उघडणारा माणूस त्यावर मेसेज टाकायला लागला. आणि त्याच सुमारास मधल्या घरात राजश्रीताई भाड्याने राहायला आल्या, कडेवर तान्ही मुलगी. एक दिवस त्यांनी ग्रुपवर लिहिलं की कृपया त्या वेड्या माणसाला आवरा, गेट वाजवतो, बाळ दचकून उठतं, पाण्याचं तर ग्रुपवर कळतंच. त्याखाली अंगठे उमटत गेले. ज्यांना मधुकाकांनी वर्षानुवर्षं पाण्यासाठी उठवलं होतं, त्यांचेही.

सरांनी मला बोलावून घेतलं. बारीक अक्षरं टाइप करायला त्यांना जमत नसे. त्यांनी उत्तर सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेले. वारा आला, भाता आला, जिन आला, इराण आला. स्वल्पविरामही ते सांगत होते. मेसेज माझ्या स्क्रीनवर मावेना. अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि दारात उभ्या राहून ऐकत राहिल्या.

“एवढं वाचीसन तिनी पोर झोपी का?” त्या म्हणाल्या.

सर हसले. मला म्हणाले, पूस. मी पुसत गेले, इराण गेला, जिन गेला, वारा गेला. सर खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर मधुकाका झाकणावर उभे होते. पाण्याचा दिवस नव्हता, तरी.

“बेटा,” सर म्हणाले, “मी आहे तोवर त्याला मधू म्हणणारं कोणीतरी आहे. मग ही गल्लीच आहे त्याची. पाण्यासाठी का होईना, निदान वाट तरी पाहतात त्याची. ते गेलं तर नुसता येडाच उरेल तो. पन्नास वर्षांत मला तो शब्द हलवता आला नाही.”

मी रिकामी स्क्रीन त्यांच्यापुढे धरली.

शेवटी जो मेसेज गेला तो एवढाच होता: “मधू ग्रुपवर नाही. ज्यांच्या दारावर त्याने येऊ नये, त्यांनी त्याला समोर सांगावं. तो ऐकतो.”

कोणी आलं नाही. अंगठा दाबणं सोपं, मधुकाकांच्या समोर उभं राहून बोलणं अवघड. तिसऱ्या प्रहरी फक्त राजश्रीताई आल्या, मुलीला घेऊन. मला त्यांचं तेव्हाही कौतुक वाटलं. मी असते तर गेले नसते. मधुकाका ओट्यावर शेंगा फोडत होते.

“काका,” त्या म्हणाल्या, “आमचं गेट वाजवू नका. ही झोपलेली असते.”

“हा,” मधुकाका म्हणाले आणि मुलीपुढे एक दाणा धरला. ती खाण्याएवढी नव्हती. दाणा राजश्रीताईंनी घेतला आणि खाल्ला.

त्या लगेच जाणार होत्या. पण अक्कांनी पाणी आणलं होतं, आणि पाणी प्यायल्यावर गाव आलंच. सरांनी विचारलं. त्यांचं गाव नाशिककडचं. मग मामाचं गाव विचारलं. मामाचं गाव पहूर. सर खुर्चीत पुढे सरकले. मामांचं नाव विचारलं. अहिराणीला हसणाऱ्या त्या वर्गात मामा तिसऱ्या बाकावर बसत आणि सगळ्यांत मोठ्याने हसत, असं निघालं. राजश्रीताई पदराने तोंड झाकून हसायला लागल्या. मामा अजून तसेच हसतात म्हणाल्या. चहा झाला.

पुढच्या पाण्याला सगळी गल्ली कान देऊन होती. मधुकाका निघाले. पहिलं गेट, दुसरं गेट, पाणी उनं. राजश्रीताईंच्या गेटपाशी आले आणि थांबले. कडीला हात लावला नाही, आवाज काढला नाही. हात मागे बांधून नुसते उभे राहिले. त्यांना गेट वाजवू नका सांगितलं होतं, पुढे जा असं कोणी सांगितलं नव्हतं. आतून कोणी बघेपर्यंत ते हलेनात, आणि ते हलेनात म्हणून पुढच्या घरांना बातमी जाईना. ग्रुप प्रत्येकाकडे होता, पण सवय मधुकाकांची होती. पलीकडून हाका सुरू झाल्या, “ओ राजश्रीताई, बघा ना बाहेर! मधू उभा शे!” राजश्रीताई पिठाच्या हातांनी खिडकीत आल्या, मान हलवली. मधुकाका म्हणाले, “हा,” आणि पुढचं गेट वाजवलं.

पुढे हे नेहमीचंच झालं. राजश्रीताई पाण्याच्या दिवशी मुलीला घेऊन खिडकीतच बसायला लागल्या. मुलगी मोठी होत गेली, खिडकीचे गज धरून उभी राहायला लागली. आणि एका सकाळी मधुकाका गेटपाशी येऊन गप्प उभे राहिले, तेव्हा तिने गजांतून हात बाहेर काढला आणि त्यांच्याकडे बघून म्हणाली, “उनं!”

पाण्याला नाही म्हणाली. त्यांना म्हणाली. ते आधीच्या गेटांवर ओरडत येत तो शब्द तिने त्यांचं नाव समजून घेतला होता.

मग ती त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारेना. तिचं ऐकून शेजारची पोरं उनंकाका म्हणायला लागली. पोरांचं ऐकून त्यांच्या आया. इस्त्रीवाल्याने तर एकदा सरांनाच विचारलं, “उनंभाऊ घरी आहे का?” सरांनी त्याला चहा पाजला. शिवी न देता इस्त्रीवाल्याला मिळालेला तो पहिला चहा, असं अक्का म्हणाल्या. जुने लोक अजूनही कधी कधी मधू येडा म्हणतात. पण मग कोणतं तरी पोर मधेच विचारतं, कोण?

मला जळगावला नोकरी लागली आणि मी शनिवार-रविवारची झाले. सर मागच्या हिवाळ्यात गेले, फार त्रास न होता. अक्का फोनवर बोलतात तेव्हा पाण्याचं हमखास सांगतात. मधुकाका झाकणावर उभे राहतात. एके दिवशी ताप होता म्हणून आले नाहीत, तर वॉलवालाच चौकशीला घरी आला, आणि मग राजश्रीताईंच्या मुलीने बापाच्या खांद्यावर बसून गल्लीभर “पाणी उनं” केलं. शब्दकोश पलंगाखालीच आहेत. अक्का त्यांना अजून झाडूने सरकवतात.

सरांना मी शेवटचं पाहिलं ती रविवारची सकाळ होती. मी बसला निघाले होते, खांद्यावर बॅग. सर ओट्यावर खुर्ची टाकून उन्हात बसले होते, गळ्याभोवती मफलर, खिशात भिंग. नेमकं पाणी आलं. मधुकाका गेटं वाजवत निघाले आणि मधल्या गेटपाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. गल्ली थांबली. मग खिडकीतून तो बारीक, हुकूम सोडल्यासारखा आवाज आला, “उनं!” मधुकाकांचा सगळा चेहरा हलला. “हा,” ते म्हणाले आणि पुढे गेले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. भुवया वर केल्या, परीक्षेत विचारतात तशा.

“कुठल्या गावचा?”

मी म्हटलं, “देवपूरचा, सर.” गल्लीत माणसं होती, तरी जरा मोठ्यानेच म्हटलं.

पंजा हलला नाही. सरांनी खुर्चीच्या हातावर बोटाने वाजवलं, टकटक, आणि पुन्हा एकदा वाजवलं. बसची वेळ झाली होती. मी वळणावरून मागे पाहिलं तेव्हा ते मधुकाकांकडे बघत होते, आणि बोट अजून वाजत होतं.